काळजाचे माप

या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आम्ही यापूर्वी दोनदा उभे राहिलो आहोत. एकदा किमान वेतनावर बोललो, एकदा मीटरवर मजुरी मोजण्याच्या पद्धतीवर. या खेपेस चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘यकृतदात्याच्या यकृताचे मोजमाप’ असे सांगितले. चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग अदबीने म्हणाले, ‘हा डॉक्टरांचा विषय नाही का?’ आहेच. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे सारे नगरवाचनालयाच्या बाकावर आणि मागांच्या खडखडाटात झाले. पण उभ्या आयुष्यात आम्ही दुसरे काही केले नसेल, तर मापाची भांडणे केली आहेत. कापडाची घडी मोजताना मीटरमागे चार बोटे कशी गिळली जातात, भिंगाखाली पीक मोजताना भिंग कुठे ठेवले जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. माप कोण घेतो आणि कोणाच्या बाजूने घेतो, हा प्रश्न आम्ही जिथे जातो तिथे विचारतो. तो रुग्णालयातही विचारला, आणि तिथे जे कळले ते आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या युनियनचा एक सभासद आहे. चार माग चालवतो. अंगाने धिप्पाड, तरुणपणी तालमीत घुमलेला. त्याच्या थोरल्या भावाला ‘ब’ प्रकारच्या काविळीने ग्रासले होते. वर्षानुवर्षे आत धुमसणाऱ्या त्या दुखण्याने यकृत निबर होऊन आकसले, पोटात पाणी साठू लागले, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी यकृत बदलण्यावाचून मार्ग नाही असे सांगितले. धाकटा तत्काळ पुढे झाला. रक्तगट जुळला. दोन आठवडे तपासण्या चालल्या आणि एके दिवशी तो परत आला. ‘डॉक्टर नको म्हणाले’, एवढेच त्याने सांगितले. त्याला स्वतःलाच याहून अधिक काही कळले नव्हते. मग गल्ली बोलू लागली. एवढा पैलवान गडी, आणि याचे काळीज चालत नाही? ऐन वेळी कच खाल्ली असणार. डॉक्टरांना म्हणाला असेल, तुम्हीच नाही म्हणा. हे बोलणे त्याच्या कानी गेले. चहाच्या टपरीवर त्याचे येणे बंद झाले. एका संध्याकाळी तो इंग्रजी कागदांची फाईल घेऊन आमच्या कचेरीत आला आणि म्हणाला, ‘कॉम्रेड, यात काय लिहिलंय ते मला वाचून सांगा.’

आम्हांलाही ते वाचता येईना. अक्षरे कळत होती, अर्थ लागत नव्हता. आम्ही कोश घेऊन बसलो, आणि शेवटी शहरातल्या एका क्ष-किरणतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास दिला. तो अर्धा तास आणि त्यानंतरचे काही महिन्यांचे वाचन यांतून हे व्याख्यान तयार झाले आहे. दोघा भावांनी आणि थोरल्याच्या पत्नीने ही हकीकत सांगण्यास संमती दिली आहे, म्हणून सांगतो. नावे सांगणार नाही.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. आपण ‘आईचे काळीज’ म्हणतो तेव्हा मनात हृदय असते. पण काळीज म्हणजे मुळात यकृत. खाटकाकडे कलेजी मागणाऱ्याला तो हृदय देत नाही. हा अवयव उजव्या बरगड्यांच्या आड असतो. मोठ्या माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के भरते. आतड्यांतून येणारे सारे रक्त आधी येथे येते. अन्नरसाचा साठा, विषांचा निकाल, पित्त तयार करणे, रक्त गोठवणारी द्रव्ये बनवणे, अशी कामे येथे चालतात. मूत्रपिंड बंद पडले तर यंत्रावर रक्त धुऊन वर्षे काढता येतात. यकृताची सारी कामे वर्षानुवर्षे करील असे यंत्र नाही.

मात्र या अवयवात एक गुण आहे, जो दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवात या प्रमाणात नाही. निरोगी यकृताचा मोठा तुकडा काढला तरी उरलेला भाग वाढतो. पालीची तुटलेली शेपटी परत येते तसे मात्र हे नव्हे. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. राहिलेला भागच फुगतो, भरतो आणि सगळे काम अंगावर घेतो. पहिल्या काही आठवड्यांत ही वाढ सर्वांत वेगाने होते.

यकृताची वाटणी कोठून करायची, हे बाहेरून पाहून कळत नाही. वरच्या पडद्याच्या खुणेवरून डावे-उजवे ठरवण्याची जुनी रीत होती. जेम्स कँटली या शल्यवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की खरी सीमा पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे जाणाऱ्या रेषेवर आहे. पुढे १९५७ मध्ये क्लोद कुइनो या फ्रेंच शल्यवैद्याने रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवरून यकृताचे आठ भाग पाडले. प्रत्येक भागाला रक्त आणणारी फांदी वेगळी, पित्त नेणारी नळी वेगळी. शेतीची वाटणी करताना नुसते एकर मोजून भागत नाही. पाट कोणत्या वाफ्याला जातो, तेही पाहावे लागते. इथेही तसेच आहे. सामान्यतः उजवा खंड साठ-पासष्ट टक्के आणि डावा पस्तीस-चाळीस टक्के असतो. हा ‘सामान्यतः’ शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. आमच्या सभासदाचे सारे प्रकरण त्या एका शब्दावर अडले होते.

माणसाला दुसऱ्याचे यकृत बसवण्याचा पहिला प्रयत्न १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी केला. रोगी वाचला नाही. १९६७ मध्ये त्यांनाच पहिले खरे यश आले. ही यकृते मृतांची होती. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून रोग्याला बसवण्याचा प्रयत्न १९८८ च्या डिसेंबरात ब्राझीलमध्ये सिल्वानो राइया यांनी केला. ते मूल दगावले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा भाग तिच्या लहान मुलाला बसवला, आणि तो जगला. आईचे काळीज, अगदी अक्षरार्थाने.

लहान मुलाला लहान तुकडा पुरतो. डावीकडचे दोन भाग काढले, साधारण पाव किलोच्या आसपास, की काम होते आणि आईकडे पुष्कळ उरते. तिथे मापाची चणचण नव्हती. उलट तान्ह्या मुलाच्या इवल्या पोटात तुकडा मोठा होऊन दाबला जाण्याची भीती असते. अडचण आली ती मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला देण्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा. जपानमध्ये मेंदुमृत माणसाचे अवयव घेण्याचा कायदा १९९७ पर्यंत नव्हता. तेथील शल्यवैद्यांपुढे जिवंत दाता हाच मार्ग उरला, आणि म्हणून या मोजमापाचे बरेचसे शास्त्र जपानमध्ये घडले. १९९३ मध्ये मात्सुमोतो येथे माकुउची यांनी मोठ्या माणसाचा डावा खंड मोठ्या माणसाला बसवला. पण डावा खंड पुष्कळदा अपुरा पडतो. १९९६ मध्ये हाँगकाँगला फान शिउंग-ताट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजवा खंड, तोही मधल्या शिरेसकट, घेऊन मोठ्या रोग्याला बसवला. म्हणजे अर्ध्याहून अधिक यकृत एका निरोगी माणसाच्या पोटातून काढायचे. त्या दिवसापासून मापाला दोन्ही बाजूंनी जीव टांगला गेला.

घेणाऱ्याच्या बाजूचे माप असे. नव्या यकृताचे वजन रोग्याच्या वजनाच्या किती टक्के, हे पाहायचे. १९९९ मध्ये क्योतोच्या शल्यवैद्यांनी आपल्या रोग्यांचा हिशेब मांडला, आणि तुकडा एक टक्क्याहून लहान असेल तर धोका वाढतो, ०.८ टक्क्यांच्या खाली फारच वाढतो, असे दाखवले. पुढे जगभर ०.८ हा आकडा उंबरठा म्हणून रूढ झाला. अलीकडे काही निष्णात ठिकाणी रक्ताचा दाब आवरण्याचे उपाय करून त्याच्याही थोडे खाली उतरतात, पण नेम धरतात तो ०.८ चाच. लहान तुकड्याचे होते काय? आपण २०१९ चा पंचगंगेचा पूर पाहिला आहे. जे पाणी नदीच्या पात्रातून वाहायचे ते गल्लीच्या बोळात शिरले म्हणजे भिंती राहत नाहीत. सगळ्या आतड्यांचे रक्त एवढ्याशा तुकड्यात शिरते, त्याच्या आतल्या बारीक वाहिन्या फाटतात, कावीळ उतरत नाही, पोटात पाणी साठतच राहते.

रोग्याचे वजन घेतानाही सावधपणा लागतो. थोरल्याचे वजन काट्यावर ७६ किलो भरत होते, पण त्यातले सहा किलो पोटातले पाणी असल्याचा अंदाज होता. म्हणून हिशेबाला ७० धरले. सत्तर किलोच्या ०.८ टक्के म्हणजे ५६० ग्रॅम. एवढे तरी हवेच.

आता देणाऱ्याची बाजू. इथे प्रश्न उलटा आहे. किती घेता येईल असे विचारायचे नाही. किती ठेवलेच पाहिजे असे विचारायचे. तरुण, निरोगी, चरबी नसलेल्या यकृताचा किमान ३० टक्के भाग दात्याकडे राहिला पाहिजे, हा बहुतेक ठिकाणचा दंडक. दाता वयस्क असेल किंवा यकृतात थोडी चरबी असेल तर ३५. किमान वेतनाच्या कायद्यासाठी हयात घालवलेल्या माणसाला ही भाषा लगेच कळली. ही खालची रेषा आहे; तिच्याखाली सौदा नाही, मग देणारा स्वतःच्या तोंडाने कितीही ‘चालेल’ म्हणो.

आणि तो म्हणतोच. भावाच्या उशाशी बसलेला माणूस हजारदा म्हणेल. म्हणूनच रेषा त्याच्या म्हणण्यावर सोडायची नसते. उजवा खंड देणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जगभरच्या नोंदींत हजारी दोन ते पाच असे सांगितले जाते. आकडा लहान दिसतो. पण हा माणूस आजारी नव्हता. चालत रुग्णालयात आला होता. जपानमध्ये हजारो शस्त्रक्रिया सुखरूप झाल्यानंतर २००३ मध्ये पहिला दाता दगावला. ती एक आई होती. तिचे उरलेले यकृत लहान होते आणि त्यात चरबीमुळे झालेला दाह होता.

तर हे माप घ्यायचे कसे? आर्किमिडीजची युक्ती, म्हणजे वस्तू पाण्यात बुडवून सांडलेले पाणी मोजणे, बाहेर काढलेल्या यकृताला लागू पडते. पोटातल्या यकृताला नाही. मग अंदाजाचा मार्ग. १९९५ मध्ये मात्सुमोतोच्याच उराता आणि सहकाऱ्यांनी ९६ जपानी माणसांच्या यकृतांचे स्कॅन मोजून सूत्र बसवले. उंची आणि वजनावरून शरीराच्या त्वचेचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढायचे, त्याला ७०६.२ ने गुणायचे, २.४ मिळवायचे, उत्तर मिलिलिटरमध्ये येते. आमच्या सभासदाचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटर. सूत्राप्रमाणे यकृत १४१५ मिलिलिटर यावे. प्रत्यक्ष स्कॅनमध्ये ते १३९० आले. सूत्र खोटे ठरले नाही. पण सूत्र एकूण बेरीज सांगते, वाटणी सांगत नाही. धिप्पाड देहात मोठे यकृत असेल एवढे गल्लीलाही कळत होते. ते यकृत मधून कसे विभागले आहे, हे तालमीतल्या छातीवरून कळत नाही.

ते कळते सीटी स्कॅनमध्ये. हे यंत्र ज्यांनी बनवले त्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नव्हती. ज्या ईएमआय कंपनीच्या ग्रामोफोन तबकड्या आपल्या आजोबांनी ऐकल्या, त्या कंपनीत ते नोकरीला होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन येथे त्यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ मध्ये त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या यंत्राला एका चित्रासाठी काही मिनिटे लागत, आणि डोके स्थिर ठेवता येते म्हणून ते जमे. यकृत श्वासाबरोबर खाली-वर सरकते. आजचे यंत्र एका श्वासात सारे पोट टिपते. ‘श्वास घ्या, रोखा’ असे सांगतात ते त्यासाठी.

यंत्र करते ते एवढेच, की क्ष-किरणांची नळी माणसाभोवती फिरते, प्रत्येक कोनातून किरण किती अडले याची नोंद होते, आणि त्या असंख्य नोंदींवरून संगणक पोटाचे आडवे काप मांडतो. भाकरीची चवड डोळ्यांपुढे आणा. चवडीचे आकारमान काढायचे तर प्रत्येक भाकरीचे क्षेत्रफळ गुणिले जाडी, आणि सगळ्यांची बेरीज. प्रत्येक कापावर यकृताची कड आखतात. समजा काप ५ मिलिमीटर जाडीचा आहे आणि त्यातल्या यकृताचे क्षेत्रफळ १४० चौरस सेंटिमीटर भरले. तर त्या कापाचे झाले ७० मिलिलिटर. अशी वरून खालपर्यंत बेरीज करीत यायचे. १९७९ मध्येच अमेरिकेत हाइम्सफिल्ड आणि सहकाऱ्यांनी स्कॅनवरून केलेले माप आणि बाहेर काढलेल्या अवयवांचे माप ताडून पाहिले होते. दोहोंत फरक फार थोडा निघाला. पूर्वी कड हाताने आखत, तासभर जाई. आता संगणकच आखतो आणि डॉक्टर तपासून दुरुस्ती करतात. ही तपासणी टाळून चालत नाही. शेजारचे जठर किंवा बरगडीमागचा स्नायू यकृतात धरला गेला, तर कागदावर असलेले यकृत पोटात नसते.

पण बेरीज हा अर्धाच भाग झाला. दात्याला शिरेतून डायचे इंजेक्शन देतात आणि एकाच डायचा प्रवास वेगवेगळ्या क्षणी टिपतात. आधी धमन्या उजळतात, मग आतड्यांकडून येणारी मोठी शीर, मग यकृतातून बाहेर पडणाऱ्या तीन शिरा. या शिरांवरून संगणकाच्या पडद्यावर शल्यवैद्य कापण्याची रेषा आखतो, सुरी हातात घेण्याआधी कितीतरी दिवस. रेषा मधल्या शिरेच्या उजवीकडून न्यायची की डावीकडून, यावरून दोन्ही वाट्यांचे आकडे बदलतात. मधली शीर कोणाकडे ठेवायची, हा तर मोठा वाद. ती रोग्याला दिली तर दात्याच्या उरलेल्या तुकड्याचा निचरा बिघडू शकतो. दात्याकडे ठेवली तर रोग्याच्या तुकड्याचा काही भाग तुंबतो, आणि मग तिथे दुसऱ्या शिरेचा तुकडा जोडून वाट करून द्यावी लागते. एखाद्या भागाचे पाणी काढून न्यायला वाट नसेल तर तो भाग मापात असूनही कामात नसतो. म्हणून किती मिलिलिटर, एवढाच प्रश्न नसतो. किती मिलिलिटरना रक्त येते आणि जाते, हाही असतो. पित्तनलिकांसाठी बहुधा एमआरआय करतात. त्यांच्या जोडांचे प्रकार इतके आहेत की त्यावर आमचे वाचन थांबले, हे कबूल केलेले बरे.

चरबीही स्कॅन दाखवतो, आणि त्याची रीत आम्हांला फार आवडली. डाय देण्यापूर्वीच्या चित्रात यकृताची उजळी शेजारच्या प्लीहेशी ताडतात. निरोगी यकृत प्लीहेहून उजळ दिसते. चरबी साठली की ते काळवंडते, प्लीहेच्या बरोबरीला किंवा खाली येते. शंका उरली तर एमआरआय किंवा सुईने तुकडा काढून तपासणी. चरबीने भरलेले शंभर ग्रॅम हे कामाचे शंभर ग्रॅम नव्हेत. काही दात्यांना नुसते वजन उतरवून दोन-तीन महिन्यांनी या असे सांगतात, आणि चरबी खरोखर उतरते.

या मापाची खोटही सांगितली पाहिजे. पोटातले यकृत रक्ताने भरलेले असते. बाहेर काढून थंड द्रावणाने धुतल्यावर ते हलके होते. म्हणून स्कॅनवरचा आकडा काट्यावरच्या आकड्याहून बहुधा जास्त येतो, पुष्कळदा दहा टक्क्यांच्या घरात. जाणते डॉक्टर ही घट आधीच वजा करून बघतात.

आता फाईलकडे येऊ. एकूण १३९०. उजवा खंड १०३०. डावा ३६०. म्हणजे उजवा काढला तर धाकट्याकडे उरणार २६ टक्के. रेषेच्या खाली. बरे, मग डावाच द्यावा? ३६० ग्रॅम सत्तर किलोला अर्धा टक्का पडतो. तीही रेषा हुकते. दोन्ही दारे बंद. यात भित्रेपणा कुठे होता? ज्या ‘सामान्यतः’ने साठ-चाळीसची वाटणी व्हायची, ती निसर्गाने याच्या पोटात चौऱ्याहत्तर-सव्वीस केली होती. डॉक्टरांनी त्याला योग्य कारणानेच परत पाठवले. त्यांची चूक एवढीच, की ही चार वाक्ये त्याच्या भाषेत त्याला कोणी सांगितली नाहीत. चार वाक्यांना वेळ तो किती लागतो?

आम्ही ती सांगितली. कचेरीच्या फळ्यावर आकडे लिहिले, आणि तेवढ्याने समाधान न होऊन, त्याच्या संमतीने, चौकात टपरीपाशी कागद घेऊन उभे राहिलो. गल्लीला गुणाकार-भागाकार येतो; मजुरीचा हिशेब रोज करणारी माणसे ती. पटले. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कोणी चहा मागवला. आम्ही स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

पुढच्या महिन्यात थोरल्याची पत्नी पुढे आली. आम्ही सारे तिला वहिनीच म्हणतो. कांड्या भरण्याचे काम करणारी, अंगाने शेलाटी. तिच्याबरोबर आम्ही पुण्याला गेलो. तिथे दात्याशी एकट्याने बोलण्याची रीत आहे. नवरा नाही, सासू नाही, दीर नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने, जो महाराष्ट्राने आणि गोव्याने पहिल्यापासून स्वीकारला, पत्नी ही निकटची नातलग धरली जाते. परक्या माणसाने द्यायचे तर समितीची परवानगी लागते. पण निकटच्या नात्यातच दडपण अधिक असते, हे आम्ही कशाला सांगावे? आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका मोठ्या संख्येने असतात, आणि घेणाऱ्यांत पुरुष. यातले किती मायेने आणि किती धाकाने, हे कोणत्याच कापावर दिसत नाही. आम्ही तिथल्या समाजसेविकाबाईंना विचारले, ‘समजा ती आत तुम्हांला म्हणाली, मला नाही द्यायचे, मग?’ त्या म्हणाल्या, ‘मग आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो, की तपासणीत बसत नाहीत. कारण सांगत नाही.’

आम्ही गप्प झालो. गल्लीने जे कुजबुजले होते, तशी सोय खरोखरच ठेवलेली होती, आणि ती फार विचाराने ठेवलेली होती. ‘नाही’ म्हणणाऱ्याला घरी परत जायचे असते, त्याच घरात जेवायचे असते. त्याच्यासाठी हा आडोसा. आणि आम्ही काय केले होते? एकाची अब्रू राखण्यासाठी चौकात कागद नाचवून त्या आडोशाला भोक पाडले होते. आता पुढच्या वेळी कोणी ‘डॉक्टर नको म्हणाले’ असे सांगत आला, की गल्ली विचारणार, कॉम्रेडला दाखवलास का कागद? आकडे काय आहेत? आणि ज्याच्याकडे आकडे नसतील त्याचे काय होईल? धाकट्याला आम्ही न्याय मिळवून दिला याचा पश्चात्ताप नाही. पण आकडे त्याला कचेरीत सांगायला हवे होते आणि गल्लीला सांगायला हवे होते की विचारू नका. ते अधिक अवघड होते, म्हणून आम्ही सोपे केले. आता कोणी फाईल घेऊन आला तर दार लावून घेतो, आणि चौकात कोणी विचारले तर कागद पाहिल्याचेही बोलत नाही.

वहिनी आतून बाहेर आली आणि ‘देणार’ म्हणाली. आत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. तिचे माप असे निघाले: सूत्राप्रमाणे १०६२, स्कॅनमध्ये १०९०. उजवा ६९०, डावा ४००. तिच्याकडे राहणार ३६ टक्क्यांहून थोडे अधिक. थोरल्याला मिळणार जवळपास एक टक्का. पैलवानापेक्षा तीनशे मिलिलिटरने लहान यकृत, पण वाटणी सरळ. यकृतात चरबी नव्हती.

शस्त्रक्रिया पहाटे सुरू झाली आणि रात्री संपली. धाकटा दिवसभर जिन्यात बसून होता. काढलेला तुकडा धुऊन काट्यावर ठेवला तेव्हा तो ६३० ग्रॅम भरला. पडद्यावरच्या मापाहून साठाने कमी, अपेक्षेप्रमाणेच. सत्तर किलोला ०.९ टक्के.

तीन महिन्यांनी वहिनीचा पुन्हा स्कॅन झाला. चारशेचे ८७० झाले होते. तिने डॉक्टरांना विचारले, ‘मग उजवीकडं आता काय हाय?’ डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले: जिथे उजवा खंड होता तिथे वाढलेला डावा थोडा सरकून आला होता, बाकी जागेत आतडे शिरले होते. तिने बराच वेळ पाहिले. थोरला हळूहळू कामावर जाऊ लागला होता. औषधे मात्र जन्मभराची आहेत, आणि त्यांच्या खर्चाचा प्रश्न सुटलेला नाही.

वहिनीला तीन महिने जड उचलण्याची मनाई होती, म्हणजे कांड्यांचे काम बंद. नगावर मजुरी घेणाऱ्याला भरपगारी रजा कसली? युनियनने वर्गणी काढून ती मजुरी भरून द्यायची असे ठरले. आधीच्या तीन महिन्यांची सरासरी काढून आम्ही हिशेब केला आणि पाकीट घेऊन तिच्या घरी गेलो. तिने फळीवरची आपली वही काढली, बोटाने एकेक आठवडा तपासला आणि म्हणाली, ‘कॉम्रेड, एक आठवडा तुम्ही धरलाच न्हाई.’ वही बरोबर होती. राहिलेली रक्कम दुसऱ्या दिवशी पोचती केली.